खालच्या धाग्याची उधारी: वॉटसन-क्रिक व्याकरणांची ताकद येते कुठून?

शिरपूरहून एम.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका ताईंनी विचारलंय: "सेमिनारसाठी मी वॉटसन-क्रिक व्याकरणं हा विषय घेतलाय. नियम तर रेग्युलर ग्रामरचेच दिसतात, फक्त प्रत्येक अक्षराच्या जागी वर-खाली अशी जोडी असते. तरीही न वेळा क, मग न वेळा ख, मग न वेळा ग (न म्हणजे कोणतीही संख्या, तिन्हींसाठी एकच) ही भाषा त्यातून निघते म्हणतात. ती तर रेग्युलरपेक्षा ताकदवान असलेल्या कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरलासुद्धा जमत नाही. मग ही ताकद येते कुठून? डीएनएतल्या ए-टी, जी-सी या जोड्यांमुळे का? आणि यावर प्रोजेक्ट करण्यात अर्थ आहे, की हे जीवशास्त्राचं नाव चिकटवलेलं नुसतं गणित आहे?"

ताई, मी जळगावला बावीस वर्षं थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवतोय आणि त्यातली बरीच वर्षं या विषयात घातली आहेत. मुख्य उत्तर आधीच देऊन टाकतो. ताकद ए-टी, जी-सीतून येत नाही. दोन धागे लिहिताना मागेपुढे चालले तरी चालतं, पण शेवटी ते अक्षरन् अक्षर जुळलेच पाहिजेत, या एका अटीतून ती येते. ही अट नीट उमगली की बाकीचं सगळं तिच्यातूनच उलगडत जातं.

जीवशास्त्र इथे लागतं तेवढंच सांगतो. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी रचना मांडली; रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा तिला मोठा आधार होता. दोन धागे, चार प्रकारची अक्षरं: ए, टी, जी, सी. ए समोर टी येतो, जी समोर सी. ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध असतात, जी-सीमध्ये तीन. एक धागा माहीत असला की दुसरा आपोआप कळतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे: हे दोन धागे उलटसुलट दिशांनी धावतात. एकाची सुरुवात जिथे, तिथे दुसऱ्याचा शेवट.

आता व्याकरण, म्हणजे अक्षरमालिका तयार करणारे नियम; त्यांतून निघणाऱ्या सगळ्या मालिका मिळून त्याची भाषा. साध्या रेग्युलर ग्रामरमध्ये एक नॉन-टर्मिनल (पुढे काय लिहायचं ते ठरवणारं तात्पुरतं चिन्ह) काही अक्षरं लिहितं आणि पुढच्या नॉन-टर्मिनलच्या हातात काम देतं. वॉटसन-क्रिक रेग्युलर ग्रामरमध्ये ते एकाच वेळी वरच्या धाग्यावर काही लिहितं आणि खालच्या धाग्यावर काही लिहितं. दोन्हीकडे सारखीच अक्षरं लिहिली पाहिजेत असं नाही. एका बाजूला काहीच न लिहिलं तरी चालतं. लिहून झाल्यावर बघायचं: दोन्ही धागे सारख्या लांबीचे आहेत का, आणि प्रत्येक जागी वर-खालची जोडी परवानगीतली आहे का. असेल, तर वरचा धागा भाषेत आला. नसेल, तर ती सगळी मेहनत रद्द.

इथे एक सूचना करून ठेवतो, कारण दर वर्षी मुलं इथेच अडखळतात. पेपरांमध्ये दोन प्रकारचे कंस दिसतील. गोल कंसातली जोडी म्हणजे नुसती वर-खाली लिहिलेली दोन अक्षरमालिका. त्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. चौकोनी कंसातली जोडी म्हणजे जागच्या जागी जुळलेला रेणू. नियमात गोल कंस असतो, अंतिम निकालात चौकोनी. नियमात वर ख आणि खाली क लिहिलं म्हणून ख आणि क समोरासमोर बसले असं मुळीच नाही. तो क खालच्या धाग्याच्या शेवटाला जाऊन बसतो, मग तो शेवट कुठेही असो. हा फरक सुटला तर पुढचं काहीच पटत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. सोयीसाठी क ची जोडी क शी, ख ची ख शी, ग ची ग शी. स, प, फ, म ही नॉन-टर्मिनल, सुरुवात स पासून. तिरप्या रेघेच्या आधीचं वर, नंतरचं खाली, आणि आडवी रेघ म्हणजे काही नाही.

स → (क / –) स
स → (क / –) प
प → (ख / क) प
प → (ख / क) फ
फ → (ग / ख) फ
फ → (ग / ख) म
म → (– / ग) म
म → (– / ग)

मी वर्गात हे फळ्यावर शिकवत नाही. चौकटीच्या वहीच्या दोन लांब पट्ट्या कापून प्रत्येक बाकावर देतो. एक पट्टी वरची, एक खालची, एका चौकोनात एक अक्षर. आठही नियम क्रमाने एकेकदा वापरा म्हणतो. पहिल्या दोन पावलांनंतर वरच्या पट्टीवर कक, खालची कोरी. चार पावलांनंतर वर ककखख, खाली कक. सहा पावलांनंतर वर ककखखगग, खाली ककखख. आठव्या पावलाला खालीही ककखखगग. मग पट्ट्या एकाखाली एक धरून बघायच्या: सहा चौकोन, सहाही जुळले.

मग दुसऱ्यांदा करायला लावतो, या वेळी मुद्दाम ख तीनदा लिहून. वर ककखखख होतं, पण प्रत्येक ख बरोबर खाली एक क गेल्याने खाली ककक. तिसऱ्या चौकोनात वर ख आणि खाली क. तिथून पुढे काहीही करा, ही पट्टी आता कधीच जुळणार नाही. कुठल्याही नियमाने मोजणी केली नव्हती, कुणी "किती क झाले" हे लक्षात ठेवलं नव्हतं. तरी चूक पकडली गेली.

एकदा हे चालू असताना अंमळनेरकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून एकदम म्हणाला, "सर, हाई तं उधारीनं खातं शे!" इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही. तेव्हापासून मी हे उधारीच्याच भाषेत शिकवतो.

वरचा धागा पुढे गेला की खालच्या धाग्यावर तेवढी उधारी चढते. दोन पावलांनंतर उधारी कक. ख लिहिता लिहिता ती फिटते, पण तेवढ्यात ख ची नवी उधारी चढते. ग लिहिताना ख फिटतात, ग चढतात. शेवटी नुसते ग फेडायचे. वरच्या धाग्याचं जे टोक खाली जोडीदार नसल्याने मोकळं लोंबतं, तीच उधारीची वही. डीएनएवाले त्याला चिकट टोक म्हणतात.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. रेग्युलर ग्रामरकडे नॉन-टर्मिनल मोजकीच, त्यामुळे स्मरणशक्तीही मोजकी. लोंबत्या टोकाच्या लांबीला मात्र काही मर्यादा नाही. नियमांना काही लक्षात ठेवावं लागत नाही, कारण धागाच लक्षात ठेवतो. शेवटी जुळलंच पाहिजे ही अट म्हणजे आपल्याला फुकटात मिळालेला तपासनीस.

ही स्मरणशक्ती कशा प्रकारची आहे, यावर थोडं थांबू. कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरच्या मागे स्टॅक असतो. जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा: शेवटी ठेवलेलं मडकं आधी निघतं. लोंबतं टोक उतरंडीसारखं वागत नाही. कृषी सेवा केंद्राच्या खात्यात पेरणीला आधी बियाणं लागलं, मग खत, मग फवारणीचं औषध. कापूस विकून आल्यावर दुकानदार पान वरून खाली वाचतो आणि त्याच क्रमाने एकेक नोंद खोडतो. जे आधी चढलं ते आधी फिटतं. ही रांग आहे, क्यू. म्हणून ज्या भाषेत पुढचा भाग मागच्या भागाशी त्याच क्रमाने जुळायचा असतो, ती वॉटसन-क्रिक व्याकरणाला सोपी आणि कॉन्टेक्स्ट-फ्रीला अशक्य. उलट्या क्रमाने जुळायचं असलं की पारडं फिरतं.

तुम्ही म्हणाल, अमर्याद क्यू दिली की ट्युरिंग मशीनच, म्हणजे कुठलंही संगणन करू शकणारं यंत्रच, तयार होतं. बरोबर आहे, पण ती क्यू अशी असते की काढलेलं पुन्हा मागे लावता येतं, हवं ते लिहिता येतं. इथे टोकावर चढलेलं अक्षर एकदाच फिटतं, आणि टोकावर जे लिहिलं तेच तुमचं अंतिम उत्तर असतं, कच्चं काम करायला वेगळी जागा नाही. म्हणून ताकद वाढते, पण आभाळाला टेकत नाही.

क्रमाने जुळण्याचं शुद्ध उदाहरण म्हणजे नक्कल. क आणि ख यांची कोणतीही मालिका, मग मधे एक ग, मग तीच मालिका पुन्हा. नियम असे:

स → (क / –) स, स → (ख / –) स, स → (ग / –) प
प → (क / क) प, प → (ख / ख) प, प → (– / ग) फ
फ → (– / क) फ, फ → (– / ख) फ, फ → (– / –)

वर पहिली मालिका, ग, दुसरी मालिका. खाली दुसरी मालिका, ग, तिसरी मालिका. धागे जुळले म्हणजे पहिली आणि दुसरी एकच, दुसरी आणि तिसरीही एकच. नऊ नियमांत काम झालं.

आता मधला ग काढून टाका, म्हणजे वर-खाली कुठेच ग लिहू नका. बहुतेक विद्यार्थी म्हणतात की मग मालिका लागोपाठ दोनदा येणारी भाषा मिळेल. परीक्षेत मी हे मुद्दाम विचारतो आणि निम्म्याहून जास्त वर्ग फसतो. पहिली मालिका कख घ्या, दुसरी नुसती क, तिसरी खक. वर कख आणि क, म्हणजे कखक. खाली क आणि खक, म्हणजे पुन्हा कखक. धागे शंभर टक्के जुळले, पण कखक ही कशाचीच नक्कल नाही. दुसरी मालिका रिकामी ठेवली तर कुठलीही अक्षरमालिका आत घुसते. ग हा नुसता खुणेचा दगड नव्हता. बांध कुठे आहे हे दोन्ही धाग्यांना तोच सांगत होता. तुमच्या सेमिनारमध्ये हे उदाहरण जरूर घ्या. व्याकरणातून हवी ती मालिका निघते हे दाखवणं सोपं असतं. नको ती निघत नाही हे दाखवताना खरा कस लागतो.

उलट्या क्रमाचं काय? क-ख च्या मालिकेपुढे ग आणि त्यापुढे तीच मालिका उलटी, म्हणजे आरशातली. साध्या लिनिअर ग्रामरला, म्हणजे नॉन-टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना अक्षरं लिहू देणाऱ्या ग्रामरला, हे तीन नियमांत जमतं. वॉटसन-क्रिक रेग्युलरला जमत नाही. कारण या व्याकरणांची ताकद ही डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने सरकणाऱ्या दोन वाचकांच्या ऑटोमॅटाइतकीच (मालिका वाचून ती भाषेत आहे की नाही सांगणाऱ्या यंत्राइतकीच) आहे, आणि अशा ऑटोमॅटाला, वाचक दोन असोत की दहा, आरशातली भाषा ओळखता येत नाही हे 1960 च्या दशकापासून सिद्ध आहे. म्हणून वॉटसन-क्रिक रेग्युलर भाषा आणि लिनिअर भाषा यांच्यात कुणी थोरला-धाकटा नाही. एकाला कखग मोजता येतं, दुसऱ्याला आरसा धरता येतो.

पण आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. खऱ्या डीएनएत धागे उलट दिशांनी धावतात. ईको-आर-वन नावाचं एक एन्झाइम आहे. ते डीएनएत जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं दिसली की तिथे कापतं. या सहांच्या समोरचा धागा लिहा: सी-टी-टी-ए-ए-जी. तो त्याच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे उलटा वाचा: जी-ए-ए-टी-टी-सी. दोन्ही धाग्यांवर तोच मजकूर! जीवशास्त्रज्ञ यालाच पॅलिंड्रोम म्हणतात. हे एन्झाइम पहिल्या जी नंतर कापतं, त्यामुळे दोन्ही तुकड्यांना ए-ए-टी-टी अशी चार अक्षरांची लोंबती टोकं राहतात आणि तशीच टोकं असलेला दुसरा तुकडा तिथे जोडता येतो. आपल्या कापसाच्या शेतात 2002 पासून आलेलं बीटी बियाणं ज्या जनुक-अभियांत्रिकीतून आलं, तिचा पायाच अशा कापण्या-जोडण्यावर उभा आहे. याच कापण्या-जोडण्याला 1987 साली टॉम हेड यांनी औपचारिक भाषांच्या चौकटीत बसवलं. डीएनएवर गणित करण्याची प्रयोगशाळेतली पहिली बातमी यायला तेव्हा सात वर्षं बाकी होती.

सांगायचं हे की, दोन वाचक एकाच दिशेने चालवणं ही गणितवाल्यांनी केलेली सोय आहे. निसर्ग तसा चालत नाही. म्हणून पुढे पाच-प्राइम ते तीन-प्राइम (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) अशा नैसर्गिक दिशेने वाचणारे वॉटसन-क्रिक ऑटोमॅटा आले: एक वाचक डाव्या टोकाकडून निघतो, दुसरा उजव्या टोकाकडून, आणि भेट झाली की दोघे थांबतात. बेनेडेक नागी यांनी दाखवलं की भेट ओळखू शकणारा असा ऑटोमॅटा नेमक्या लिनिअर भाषा ओळखतो, ना कमी ना जास्त. मला हा निकाल फार आवडतो. दिशा बदलली आणि रांगेच्या जागी आरसा आला. निसर्गाकडे जरा बारकाईने पाहिल्याबद्दल गणितालाच बक्षीस मिळालं. व्याकरणाच्या बाजूने हेच साधायचं तर वॉटसन-क्रिक लिनिअर ग्रामर घ्यावं लागतं. त्यात नॉन-टर्मिनलच्या डावीकडेही वर-खाली लिहिता येतं आणि उजवीकडेही, त्यामुळे क्रमाने आणि उलट अशा दोन्ही जुळण्या एकाच चौकटीत येतात.

आता या विषयातला माझ्या मते सर्वात सुंदर भाग. व्याकरण दिलं आणि विचारलं, "यातून एक तरी मालिका निघते का?" साध्या रेग्युलर ग्रामरसाठी हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगता येतं: बाणांचा आराखडा काढायचा आणि वाट शेवटापर्यंत पोहोचते का बघायचं. वॉटसन-क्रिक रेग्युलरसाठी हाच प्रश्न सोडवणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. "अजून कुणाला जमलेला नाही" असं मी म्हणत नाहीये. तो असूच शकत नाही.

कारण बघा. 1946 साली एमिल पोस्ट यांनी एक कोडं मांडलं. काही फरशा आहेत, प्रत्येकीवर वर एक मालिका आणि खाली एक मालिका. हवी ती फरशी हव्या तितक्या वेळा वापरून त्या ओळीने अशा मांडा की वरचा सगळा मजकूर आणि खालचा सगळा मजकूर एकच होईल. उदाहरणार्थ या तीन फरशा:

पहिली: (क / खकक)
दुसरी: (कख / कक)
तिसरी: (खखक / खख)

तिसरी, दुसरी, तिसरी, पहिली अशा मांडून बघा. वर: खखक, कख, खखक, क. खाली: खख, कक, खख, खकक. दोन्ही जोडून वाचा: खखककखखखकक. नऊ अक्षरं, दोन्हीकडे तीच. हे उत्तर हाताने शोधायला एक तास द्या, म्हणजे या कोड्याचा स्वभाव कळेल. सुरुवात तिसरीनेच करावी लागते, कारण बाकी दोघींत पहिलंच अक्षर किंवा दुसरं अक्षर वर-खाली भांडतं. आणि तिसरी ठेवली की खालच्या धाग्यावर एका क ची उधारी चढलीच.

आता ही प्रत्येक फरशी म्हणजे एक नियम समजा: स → (क / खकक) स, आणि थांबण्यासाठी स → (क / खकक). तीन फरशांचे सहा नियम, नॉन-टर्मिनल एकच. हे तयार वॉटसन-क्रिक रेग्युलर ग्रामर झालं! त्यातून एखादी मालिका निघते म्हणजेच कोड्याला उत्तर आहे. आणि कोणत्याही फरशांसाठी असं उत्तर आहे की नाही हे यंत्राला ठरवता येत नाही, हे पोस्ट यांनीच सिद्ध करून ठेवलंय. फक्त दोन फरशा असतील तर ठरवता येतं, पाच असतील तर येत नाही. तीन आणि चारचा प्रश्न अजून खुला आहे. पोस्ट यांनी कोडं मांडलं तेव्हा दुहेरी सर्पिल कुणाला माहीत नव्हतं. सात वर्षांनी तीच रचना प्रत्येक पेशीत सापडली.

यावर मुलं विचारतात, मग हे व्याकरण प्रत्यक्षात वापरायचं कसं? घाबरू नका. "एक तरी मालिका निघते का" हे अवघड आहे. "ही दिलेली मालिका निघते का" हे अगदी सोपं आहे. वरचा धागा कुठवर आलाय, खालचा कुठवर आलाय आणि सध्या कोणतं नॉन-टर्मिनल आहे, एवढ्या तीन गोष्टींचा तक्ता करायचा. सहा अक्षरांच्या ककखखगग साठी वरच्या जागा सात, खालच्या सात, नॉन-टर्मिनल चार: एकूण 196 खण. शंभर अक्षरांसाठी 40,804. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला हे काहीच नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: ए-टी, जी-सी. वर मी क ची जोडी क शीच लावली तेव्हा तुम्हाला खटकलं असेल. 2004 साली कुस्के आणि वायगेल यांनी नेमका हाच मुद्दा तपासला आणि दाखवलं की वॉटसन-क्रिक ऑटोमॅटाच्या बाबतीत जोडीदार कोण हे ठरवणारा संबंध बदलल्याने ताकद वाढत नाही. प्रत्येक अक्षर स्वतःशीच जोडलं तरी तेवढ्याच भाषा मिळतात. जुळणी असणं महत्त्वाचं, कोणाशी कोण जुळतं हे नाही. प्रयोगशाळेत मात्र नेमकं उलट आहे. तिथे ए-टी आणि जी-सीमधला फरक जीवन-मरणाचा असतो: छोट्या तुकड्यांसाठी वितळण्याचा अंदाज काढताना प्रत्येक ए किंवा टी मागे दोन अंश सेल्सिअस आणि प्रत्येक जी किंवा सी मागे चार अंश धरतात. आपल्या मॉडेलमध्ये हे तापमान कुठेच नाही, आणि चुकून जुळलेली जोडीही नाही. हा फरक सेमिनारमध्ये स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

चार अक्षरांमागे मात्र एक योग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुहेरी धाग्यावर दोन बोटं ठेवा, एक वर, एक खाली, आणि हव्या त्या वेगाने पुढे सरकवा. बोटाखाली येईल ते अक्षर लिहीत जा. खालच्या धाग्याचं असेल तर डोक्यावर रेघ द्या. मग एकच मजकूर दोनदा, साधा आणि रेघेचा, पत्ते पिसल्यासारखा एकमेकांत मिसळलेला मिळतो. दोनच चिन्हांवर, शून्य आणि एक वर, ही भाषा बनवली तर एकूण चिन्हं चार होतात: शून्य, एक, रेघेचं शून्य, रेघेचं एक. एंगेलफ्रीट आणि रोझेनबर्ग यांनी 1980 साली सिद्ध केलं की यंत्राला यादी करता येईल अशी कुठलीही भाषा या एकाच भाषेतून, फक्त मर्यादित स्मरणशक्तीच्या रूपांतर-यंत्राने गाळून काढता येते. आता शून्याला ए म्हणा, रेघेच्या शून्याला टी, एकला जी, रेघेच्या एकला सी. जोड्या आपोआप लागल्या. जुळणीचा तपासनीस आणि एक साधी गाळणी एकत्र आली की संपूर्ण संगणन हाती येतं. एकट्या वॉटसन-क्रिक रेग्युलरकडे ही गाळणी नसते, म्हणून ते मघाशी म्हटलं तसं आभाळाच्या खालीच राहतं.

इतिहास भरभर सांगतो. 1994 मध्ये एडलमन यांनी सात बिंदूंच्या आराखड्यातली प्रत्येक बिंदूवर एकदाच जाणारी वाट खऱ्या डीएनएने शोधली; प्रयोगशाळेत त्याला सुमारे सात दिवस लागले. त्यानंतर लगेच हार्टमानिस यांनी हिशेब मांडला की याच पद्धतीने 200 बिंदूंचा प्रश्न सोडवायचा तर पृथ्वीच्या वजनाहून जास्त डीएनए लागेल. त्या काळात फ्रॉइंड, पाऊन, रोझेनबर्ग आणि सालोमा यांनी 1997 मध्ये वॉटसन-क्रिक ऑटोमॅटा मांडले. चिकट टोकं जोडत जाणाऱ्या स्टिकर सिस्टिम्सही त्याच सुमाराच्या. व्याकरणाच्या रूपात, म्हणजे रेग्युलर, लिनिअर, कॉन्टेक्स्ट-फ्री अशा पायऱ्यांनी, या कल्पनेचा अभ्यास 2010 च्या दशकात वाढला, विशेषतः मलेशियात. आपल्या देशाचाही यात हात आहे: चेन्नईत राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाकार डीएनए आणि कापण्या-जोडण्याच्या व्याकरणांवर 1992 मध्येच काम प्रसिद्ध केलं होतं.

म्हणून तुमचा तिसरा प्रश्न, नुसतं नाव चिकटवलेलं गणित का, त्याचं माझं उत्तर असं: हे गणितच आहे, आणि त्याबद्दल अवघडून जाण्याचं कारण नाही. यातून उद्या धुळ्याच्या दवाखान्यात एखादं यंत्र येणार नाही. पण "जुळणी" या एका अटीची संगणनात किंमत किती, हा प्रश्न डीएनएनेच आपल्यासमोर ठेवला, आणि त्याचं उत्तर डीएनएच्या पलीकडेही खरं आहे.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर माझा सल्ला ऐका. नवं प्रमेय सिद्ध करण्याच्या मागे एम.एस्सी.ला लागू नका. वर सांगितलेल्या तीन गोष्टींच्या तक्त्यावर चालणारा प्रोग्राम लिहा: व्याकरण घ्यायचं, मालिका घ्यायची, निघते की नाही सांगायचं आणि निघत असेल तर दोन्ही धागे पायरी-पायरीने पडद्यावर दाखवायचे, लोंबतं टोक वेगळ्या रंगात. आधी कखगचं व्याकरण चालवा, मग नक्कलेचं, मग ग काढलेलं; कखक आत येताना डोळ्यांनी बघा. मग फरशांचं व्याकरण देऊन ती नऊ अक्षरांची मालिका तपासा. हे झालं की नियमांना उजवीकडेही लिहू द्या, म्हणजे ते वॉटसन-क्रिक लिनिअर होईल. तिथे तक्त्याला दोन जागा पुरत नाहीत, चार लागतात: वरच्या धाग्याची डावी आणि उजवी, खालच्या धाग्याची डावी आणि उजवी. सहा अक्षरांच्या मालिकेसाठीसुद्धा खण किती होतात ते आधी कागदावर मोजा, मगच कोड लिहायला बसा.

आणि सेमिनारला चौकटीच्या वहीच्या पट्ट्या घेऊन जा. स्लाइड नंतर दाखवा.